राखणीला बसलेलं गाणं

मार्गशीर्ष सरता सरता पहाटे निसवलेल्या जवारीत शिरलं, की आधी कान जागे होतात आणि डोळे मागाहून. पानांच्या खोबणीत साचलेलं दव एका पानावरून दुसऱ्या पानावर उतरत असतं, आणि त्याचा ठेका इतका हलका, इतका अनियमित असतो की ऐकणाऱ्याला श्वास आवरून धरावासा वाटतो. मग वास येतो. कणसात नुकता भरू लागलेला चीक, थंड काळी माती आणि धाटांचा गोडसर, हिरवा दर्प, असा तो एकत्र वास. सूर्य अजून बांधावरच्या बाभळींच्या मागे असतो, हात खिशातून काढवत नाहीत, आणि अशा त्या प्रसन्न, निरामय वेळी, गेल्या हिवाळ्यात, माझ्या शेतातल्या लिंबाला टांगलेल्या कर्ण्यातून एक इंग्रजी रॉक गाणं वाजत असे. ढोल, गिटार, बेंबीच्या देठापासून ओरडणारा गायक, सगळं सगळं! हसू नका. ते गाणं मी राखणीला बसवलं होतं.

त्या गाण्याचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही आत्ताच मोबाइल काढाल, ते लावाल, आणि माझ्या चाळीस वर्षांच्या प्रेमाकडे संशयाने पाहाल. प्रत्येकाच्या आयुष्यात असं एखादं गाणं असतं, की ते दुसऱ्याला ऐकवताना आपणच ओशाळतो. हे पुरतं आठ मिनिटांचं. सुरुवातीला नुसता ढोल, मग त्यावर घाट चढावा तशी सावकाश चढत जाणारी गिटार, आणि गायक येतो तो निम्मं गाणं सरल्यावर. शब्द थोडेच आहेत. एक वाटसरू उघड्या माळावर उभा राहून आभाळाला विचारतो आहे, की मी इथे आलो हे तुला कळलं तरी का? माझी इथे कुणाला गरज होती का? दोनदा तो हे साध्या आवाजात विचारतो, तिसऱ्यांदा अक्षरशः किंचाळतो, आणि तिथे सगळं थांबतं. ढोल, गिटार, माणूस, कुणीच उरत नाही. चार श्वास घेता येतील एवढा वेळ निव्वळ शांतता. आणि मग तोच ढोल, त्याच ठेक्यावर, काही घडलंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होतो.

औरंगाबादच्या वसतिगृहात माझ्या खोलीतल्या सोबत्याने ही कॅसेट कुठूनशी आणली होती. मी खेड्यातून गेलेला, इंग्रजी बेताचं, आणि रॉक म्हणजे काय हे ठाऊक नसलेला मुलगा. पण पहिल्यांदा तो ढोल ऐकला तेव्हा वाटलं, हा तर आपल्याकडे पोळ्याला वाजतो तसाच आहे की! शब्द कळायला वर्ष गेलं. ते चार श्वास मात्र पहिल्याच दिवशी कळले, किंवा कळले असं मला वाटलं. शिक्षण झालं होतं, नोकरी नव्हती, अर्ज करून करून टपालवाल्याशी ओळख वाढली होती, आणि संध्याकाळी गच्चीवर पडून हे गाणं ऐकताना त्या नीरवतेत मला साऱ्या विश्वाचा नकार ऐकू यायचा. आभाळ उत्तर देत नाही, कारण आभाळात कुणी नाहीच. माणूस एकटा आहे, त्याचा प्रश्न एकटा आहे, आणि त्याचं किंचाळणंही एकटं आहे, असा काहीसा माझा सिद्धान्त होता. तरुणपणी दुःखसुद्धा आपण किती ऐटीत करतो! आता आठवलं की त्या गच्चीवरच्या मुलाला जेवायला बोलवावंसं वाटतं.

नोकरी लागली. तालुक्याच्या कॉलेजात तीसेक वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, पानं कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, संसार झाला, केस गेले. कॅसेटची सीडी झाली, सीडीचं पुढे मोबाइलमध्ये एक बोटभर चित्र झालं, आणि निवृत्त होऊन मी राणीसावरगावच्या बाजूला असलेल्या माझ्या गावी, वडिलांनी घेतलेल्या दीड एकराजवळ राहायला आलो, तेव्हा ते गाणंही माझ्यासोबत आलं. त्या चार श्वासांचा अर्थ मी अजून तोच धरून बसलो होतो. माणूस चष्म्याचा नंबर बदलतो, पण विशीत केलेले सिद्धान्त तपासायला काही नेत नाही.

आमच्या गावातली बरीच घरं दसऱ्यानंतर कुलपात जातात. माणसं ऊसतोडीला निघतात, ती पार शिमग्यापर्यंत परत येत नाहीत. गेल्या वर्षी निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी कौसामावशी माझ्या दारात आल्या. माझ्या शेताला लागून त्यांचा अर्धा एकर आहे. नवरा वारला, मुलगा आणि सून कोयता घेतात, आणि मावशी त्यांच्यासोबत फडाजवळच्या झोपडीत, कोपीवर राहून नातवंडं सांभाळतात, मोळ्या बांधू लागतात. त्यांच्या हातात फडक्याची एक गाठ होती. ती त्यांनी ओसरीवर सोडली. आत मूठभर जवारी होती, बारीक, गोल, मोत्यासारखी पांढरी.

"सर, माझ्या मायची जवारी हाय ही," मावशी म्हणाल्या. "हिच्या लाह्या अशा फुलत्यात की टोपल्यातून भाईर सांडत्यात. पर आता कोन पेरतंय? समदे सोयाबीनच्या मागं. दोन साल झालं गाडग्यात पडून हाय. औंदा न्हाई पेरली तर मंग उगवायची बी न्हाई. तुमी आता घरीच हायेत. तेवढी सांभाळा. मी शिमग्याला आले की माघारी द्या."

बियाण्याचंही वय होतं, हे मी आयुष्यभर मुलांना शिकवलं. आतला अंकुर ओलाव्याच्या आशेवर काही वर्षं तग धरतो आणि मग एके दिवशी, बाहेरून काही न दिसता, विझतो. पण हे शिकवताना माझ्या समोर कधी कुणाच्या आईची जवारी नव्हती. मावशींची आई जाऊन कित्येक वर्षं झाली होती. तिचा फोटो नव्हता, दागिना नव्हता, सही तर नव्हतीच. ह्या पृथ्वीतलावर ती बाई होऊन गेली याचा एवढाच मूठभर पुरावा शिल्लक होता, आणि तो माझ्या ओसरीवर फडक्यात पडला होता. मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी ओल बघून विहिरीजवळच्या तुकड्यात चार ओळी पेरल्या.

आणि ती उगवली! सगळी नाही, पण बरीचशी. दर आठ दिवसांनी मावशींचा फोन यायचा, कधी कारखान्याच्या वाटेवरून, कधी उसाच्या फडातून, मागे कोयत्यांचे आवाज आणि ट्रॅक्टरवरची गाणी. पोटरीत आली का, निसवली का, कणीस मोकळं हाय का घट्ट, असे एखाद्या बाळंतिणीची चौकशी करावी तसे प्रश्न. मीही उत्तरं द्यायला उतावीळ असायचो. धाटं माझ्या डोक्यावर गेली, पोटऱ्या फुगल्या, त्यातून कणसं बाहेर आली, आणि पहिल्या दाण्यात चीक भरला त्या दिवशी मी नखाने दाणा फोडून ते दूध जिभेवर ठेवलं. त्या दिवसाएवढा उपकृत मी फार क्वचित झालो असेन.

मग भोरड्या आल्या. हिवाळ्यात दूरच्या उत्तरेकडून येणारी, गुलाबी पाठीची, काळ्या डोक्याची ही पाखरं. थवा वळला की आभाळाचा एक तुकडाच वळल्यासारखा दिसतो, आणि तो थवा दुसऱ्याच्या शेतावर वळत असेल तोवर ते दृश्य फार सुंदर वाटतं. पूर्वी आमच्या सगळ्या शिवारात जवारी असायची आणि शिवार मिळून पाखरांना पोसायचं. कुणाची दोन कणसं गेली, कुणाची चार, कुणाच्या ध्यानातही यायचं नाही. आता ऊस, हरभरा, पुन्हा ऊस. कोसभरात जवारी एकाच ठिकाणी होती, माझ्या विहिरीजवळ, चार ओळी. पाखरांनी तरी जावं कुठे? त्यांच्या हजारो मैलांच्या प्रवासाच्या शेवटी त्यांचं जुनं जेवणघर बंद झालं होतं आणि एक छोटीशी खानावळ तेवढी उघडी राहिली होती.

शास्त्राप्रमाणे मी आधी कणसांना कागदी पिशव्या बांधल्या. दोन दिवस धुकं पडलं, पिशव्या ओलावल्या, आणि उघडून पाहतो तर आतल्या दाण्यांवर काळी बुरशी. घाईघाईने सगळ्या काढल्या. मग परभणीच्या बाजारातून भाजीवाले गाड्यावर लावतात तसला बॅटरीचा कर्णा आणला, त्यात ते माझं गाणं भरलं, आणि लिंबाला टांगून दिला. एकदा संपलं की आपोआप पुन्हा सुरू. एवढा ढोल, एवढी गिटार, एवढं किंचाळणं! माझ्या बायकोने आयुष्यभर ह्या गाण्याला दार लावून घेतलं आहे. पाखरं काय तिच्यापेक्षा सहनशील असणार?

पहिले दोन दिवस चमत्कार झाला. थवा यायचा, गाण्यावरून एक गिरकी घ्यायचा आणि पुढे निघून जायचा. गावात बातमी पसरली. शेजारच्या शेतातला बळीराम बांधावर येऊन उभा राहिला, कर्ण्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत. "सर, आमची पाखरं मराठी शाळंतली हायेत," तो म्हणाला. "त्यायला काय समजंना म्हणून पळायलेत." मी खूश होतो. ज्या गाण्याने मला आयुष्यात काही मिळवून दिलं नव्हतं, ते अखेर कामाला लागलं होतं. सकाळी ते लावायचं आणि निर्धास्त मनाने घरी चहाला जायचं, असा माझा क्रम ठरला.

चौथा दिवस येळवसेचा होता. मार्गशीर्षातल्या ह्या अमावास्येला आमच्या भागात घरात कुणी जेवत नाही. सगळं गाव रानात असतं, कडब्याच्या कोपीत पूजा मांडलेली असते, शेंगाभाज्यांची भज्जी आणि ताकातली आंबील एकमेकांच्या शेतात फिरत असते. बळीरामच्या कोपीपुढे आम्ही दहा-बारा जण जेवत होतो, आणि तिकडे माझं गाणं वाजत होतं. कुणीतरी मान वळवली. मग सगळ्यांनीच वळवली. जवारीच्या चारही ओळी पाखरांनी वाकल्या होत्या. ढोलाचा आवाज कर्ण्यातून येत होता आणि भोरड्या त्याच आवाजात, डोकी खालीवर करत, निवांत चीक पीत होत्या.

"सर," बळीराम म्हणाला, "शिकली की इंग्लिश!"

सगळे हसले, मीही हसलो. हातातला भाकरीचा घास मात्र आंबिलीतच राहिला. मी उठून धावलो, ओरडलो, ढेकळं भिरकावली. थवा उठला तेव्हा जवळजवळ निम्मी कणसं दाणे जाऊन नुसते बुरखुंडे होऊन उभी होती. आणि नेमका त्याच वेळी मावशींचा फोन आला. येळवस कशी झाली, भज्जीत काय काय घातलं, आणि जवारी कशी हाय? मी म्हणालो, मस्त आहे मावशी, एकदम मस्त. त्या म्हणाल्या, बरं झालं, मग मला काही घोर न्हाई. त्या दिवशी मला माझाच आवाज ऐकवेना.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी बांधावर जाऊन बसलो. कर्णा बंद करायचंही सुचलं नव्हतं. तो आपला वाजतच होता. पाखरं आली, बसली, खाऊ लागली. हाकलून काय उपयोग, असा एक ओशाळा थकवा अंगभर भरला होता. गाणं आपल्या वाटेने चाललं होतं. गिटार चढली, वाटसरू आला, त्याने एकदा विचारलं, दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा किंचाळला, तरी एकाही पाखराने मान वर केली नाही. आणि मग ते चार श्वास आले. सगळं थांबलं. त्या क्षणी, त्या एकाच क्षणी, अख्खा थवा भर्रकन उठला! शेकडो पंखांचा एकच आवाज झाला, दवाचा शिडकावा माझ्या तोंडावर आला, आणि वर आभाळात थवा घाबरून गोल फिरू लागला. मग ढोल पुन्हा सुरू झाला, आणि पाखरं सावकाश, हायसं वाटल्यासारखी, परत खाली उतरली.

मी आठ मिनिटं थांबलो. पुन्हा तेच. आणखी आठ मिनिटं. पुन्हा तेच. चाळीस वर्षं जे गाणं मला पाठ होतं, त्यातली एक गोष्ट पाखरांना ठाऊक होती आणि मला नव्हती. आवाजाला ती भीत नव्हती. भीत होती शांततेला. पण का?

मी कर्णा न थांबवताच मावशींना फोन लावला. म्हणालो, मावशी, मी काल खोटं बोललो. पाखरांनी निम्मी जवारी नेली. पलीकडून, कोयत्यांच्या आवाजातून, मावशींनी विचारलं,

"पार संपली, का काई ऱ्हायली हाय?"

राहिली आहे, मी म्हणालो.

"मंग रडायलेत काऊन? आन् मागं ते कशाचा कल्ला चालू हाय?"

सांगावं लागलं. गाणं, कर्णा, पहिले दोन दिवस, चौथा दिवस, आणि आत्ता पाहिलेलं ते नवल. मावशी इतक्या हसल्या की काय झालं म्हणून सून पाहायला आली असावी, तिलाही त्यांनी तिथल्या तिथे सगळं ऐकवलं. मग म्हणाल्या, "अवो सर, सारखं वाजत ऱ्हायलं की पाखराला कळतंय ना, मानूस तिथं हाय म्हणून. तिथं हाय म्हंजी हितं न्हाई. मंग ते निवांत खातंय. आमी ल्हान असताना माय आमाला रानातल्या माळ्यावर बशिवायची. एक हाक द्यायची, आन् गप व्हायचं. पार गप. उतरून दुसरीकडंच जायचं. गप झालं की पाखराला वाटतंय, आता आलं जवळ."

फोन ठेवला आणि मी कर्णा बंद केला. शिवार एकदम मोठं झालं. थवा उठला, वर गेला, आणि मी तिथेच ओल्या बांधावर उभा राहिलो, कारण माझ्या विशीतला तो भक्कम सिद्धान्त एका अक्षरओळख नसलेल्या बाईने कोयत्यांच्या आवाजात, हसता हसता, मोडून काढला होता. गप झालं की वाटतंय, आता आलं जवळ! आणि मी काय समजत होतो? गप झालं म्हणजे कुणी नाहीच. आभाळ बोलत नाही म्हणजे आभाळ रिकामं. पाखराएवढ्या जिवाला जे कळतं, की आवाज करणारा दूर असतो आणि जो जवळ येतो तो आवाज न करता येतो, ते मला कळायला निवृत्त व्हावं लागलं. आठवून पाहिलं तर माझ्या आयुष्यात जे जे खरोखर माझ्याजवळ आलं, ते कधी वाजत गाजत आलं होतं? जमिनीतला ओलावा मुळांपर्यंत गाजावाजा करून जातो का? दाण्यात चीक भरताना कुणी ऐकला आहे? मी आजारी असताना उशाशी पाण्याचा तांब्या कुणी, केव्हा भरून ठेवायचं, हे मी तीस वर्षांत एकदाही पाहिलं नाही. तो भरलेला असायचा एवढंच. गच्चीवर पडलेल्या त्या मुलाला वाटलं होतं, आपण विचारलं आणि उत्तर आलं नाही. कदाचित त्या चार श्वासांत उत्तर त्याच्या अगदी जवळ येऊन उभं राहत असेल, आणि हा आपला ढोल कधी सुरू होतो याची वाट बघत असेल!

पण तत्त्वज्ञानाने पाखरं उडत नाहीत. पुढचे वीस दिवस मी राखण केली. घरी चहा बंद. चहा बांधावर यायचा, आणि तो घेऊन येणारी बायको पहिल्यांदाच गाणं नसलेल्या माझ्याशेजारी बसायची. उजाडल्यापासून ऊन तापेपर्यंत आणि पुन्हा चार वाजल्यापासून दिवस मावळेपर्यंत माझं काम एवढंच होतं: एक हाक द्यायची, गप व्हायचं, आणि पावलांचा आवाज न करता दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. सुरुवातीला माझी हाक बांधापलीकडेही जायची नाही. वर्गात हजेरी घेणारा आवाज तो. त्याला आभाळाची सवय नव्हती. मग हळूहळू मोकळा झाला. आणि हाकेनंतरच्या त्या शांततेत उभा असताना मी जे पाहिलं, ते तीस वर्षांच्या अध्यापनात पाहिलं नव्हतं. कोळ्याने दोन धाटांमध्ये विणलेलं जाळं दवाने कसं जड होतं आणि ऊन येताच कसं एकेक थेंब सोडत हलकं होतं. चिकाचा दाणा कसा दिवसागणिक घट्ट होतो, हिरव्याचा पिवळसर, पिवळसराचा पांढरा. एखादी चुकार भोरडी थव्यापासून सुटून माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन बसते, एका डोळ्याने मला न्याहाळते, आणि मी हलत नाही म्हणून मला झाड समजून कणसाला चोच मारते. तिला मी हाकललं नाही, हे बळीरामला सांगू नका. एवढ्या लांबून आलेली ती. एक कणीस तिचं.

गाणं मी त्या वीस दिवसांत एकदाही ऐकलं नाही. त्याची उणीवही जाणवली नाही, कारण त्यातली सगळ्यात चांगली जागा मला रोज मिळत होती.

माघात काढणी झाली. चार ओळींतून जे हाती आलं, ते झोडून, पाखडून अर्धं सूप भरलं. मी ते सूप कितीदा पाहिलं असेल! कधी वाटायचं, एका मुठीचं अर्धं सूप झालं. कधी वाटायचं, सूप भरून वाहायला हवं होतं आणि माझ्या हौसेपायी निम्मंच राहिलं. मावशींसमोर ते ठेवताना काय सांगायचं, याची वाक्यं मी मनात जुळवत बसायचो.

शिमग्याच्या तिसऱ्या दिवशी ट्रक आला. अंगावरचा प्रवास न उतरवताच मावशी ओसरीवर येऊन बसल्या, उन्हाने काळवंडलेल्या, हाताला फडकी बांधलेली. मी सूप पुढे ठेवलं. त्यांनी दाणे हातात घेतले, ओंजळीतून ओंजळीत सोडले, एक दाणा दाताखाली फोडला आणि बराच वेळ चघळत राहिल्या. मला बोलायचं होतं, की मावशी, माझ्यामुळे थोडी कमी झाली. पण त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

"तीच हाय," त्या म्हणाल्या. मग एकदम दचकून, "सर, समदीच पेरलती काय तुमी? मूठभर घरात ठिवली न्हाई?"

नाही ठेवली, मी म्हणालो. खरोखर सुचलंच नव्हतं. मावशींनी कपाळाला हात लावला. "कसलं हो शिक्षान म्हणावं तुमचं! पाखरानं समदी नेली असती तर?" त्या अशा रागावल्या की मला लहानपणी पाटी फोडल्याचं आठवलं, आणि खरं सांगतो, कुणीतरी आपल्यावर इतक्या हक्काने रागवावं, हेही किती दिवसांनी घडत होतं!

राग ओसरला तशी त्यांना आठवण झाली. "ते गानं कोन्तं व्हतं, लावा बरं." मी मोबाइल काढला. जे गाणं मी तुम्हालाही ऐकवत नाही, ते कौसामावशींनी पूर्ण आठ मिनिटं, गुडघ्याभोवती हात बांधून, कीर्तन ऐकावं तशा मन लावून ऐकलं. ते चार श्वास आले तेव्हा त्यांनीही श्वास धरला आणि मान थोडी वर केली. ढोल सुरू झाल्यावर म्हणाल्या, "लय जीव तोडून म्हनायलाय बिचारा. काय पायजे त्याला?"

मी सांगितलं, की तो आभाळाला विचारतो आहे, माझी इथे कुणाला गरज होती का?

मावशींना हे विचित्र वाटलं असावं. "मंग त्याला म्हनावं," त्या म्हणाल्या, "जरासी जवारी पेर."

आणि एवढं बोलून त्या सुपाकडे वळल्या. निम्मी जवारी त्यांनी फडक्यात घेऊन तीन गाठी मारल्या. उरलेल्या निम्म्यावर त्यांचा हात तसाच राहिला. "ही तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. बी एका घरात ठिवत न्हाईत सर. माझं घर, माझ्या मायचं घर, असं दोन घरात ऱ्हायाचं. माय गेली तवापून दुसरं घरच नव्हतं."

त्यांनी दोन्ही हात जवारीने भरून घेतले आणि माझ्यापुढे धरले. चाळीस वर्षं एकच प्रश्न घेऊन हिंडलेल्या माणसाने तेव्हा फक्त ओंजळ पुढे केली.